हनोई एका दिवसात पायी पाहायची असेल तर: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

मुंबईहून थेट विमानं सुरू झाल्यापासून व्हिएतनामच्या राजधानीला, हनोईला जाणारे मराठी पर्यटक बरेच वाढले आहेत. बहुतेकांच्या वाट्याला शहरासाठी एकच दिवस येतो, कारण बाकीचे दिवस हालाँग बे आणि निन्ह बिन्हला जातात. हा एक दिवस नेहमी एकाच पद्धतीने फसतो. हॉटेलचा नाश्ता आटोपून दहाला बाहेर पडायचं, जवळच आहे म्हणून जुन्या शहरातल्या गल्ल्यांत शिरायचं, साडेअकराला व्हिएतनामचे राष्ट्रनेते हो चि मिन्ह यांच्या समाधीपाशी पोहोचायचं आणि दार बंद झालेलं पाहून भर उन्हात परत फिरायचं.

अंतरं फार नाहीत. खाली दिलेला सगळा मार्ग साधारण 10 ते 12 किलोमीटर भरतो. दिवस वाचतो तो क्रमाने. सकाळीच बंद होणारी ठिकाणं आधी, छपराखालची दुपारी आणि रस्त्यावरची संध्याकाळी. एवढं पाळलंत तर घाई न करता सगळं होतं.

1. आदल्या रात्रीची तयारी

सगळ्यात आधी वार बघा. हो चि मिन्ह समाधी सोमवारी आणि शुक्रवारी बंद असते. उरलेल्या दिवशी फक्त सकाळी उघडी असते. शिवाय दरवर्षी काही आठवडे, बहुतेक उन्हाळ्यात, देखभालीसाठी ती बंद ठेवतात. तुमच्या तारखा जून ते ऑगस्टमधल्या असतील तर हॉटेलच्या काउंटरवर विचारून खात्री करा. मंगळवार ते गुरुवार रांग त्यातल्या त्यात कमी असते. शनिवार-रविवारी रांग लांब असते, पण संध्याकाळी शहराच्या मध्यावरच्या होआन किएम तळ्याभोवतीचे रस्ते वाहनांना बंद असल्याने फिरायला मोकळे मिळतात. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर मी शनिवार निवडेन. संध्याकाळचा तो मोकळेपणा सकाळच्या रांगेपेक्षा मोलाचा आहे.

मग फोन. सगळी ठिकाणं नकाशावर आधीच खुणा करून ठेवा आणि नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या. ग्रॅब हे टॅक्सीचं ॲप भारतातूनच सुरू करून या, कारण ओटीपी तुमच्या भारतीय नंबरवर येतो. तिथे पोहोचून सिम बदललं की तो मिळत नाही.

पैशांचा गोंधळ हमखास होतो. तिथलं चलन डोंग. एक रुपया म्हणजे जवळपास 300 डोंग. म्हणून 30,000 चा आकडा ऐकून दचकू नका, ते शंभरेक रुपये झाले. पाट्यांवर पुष्कळदा शेवटची तीन शून्यं गाळतात. 50 लिहिलं असेल तर 50,000 समजायचं. 20,000 आणि 500,000 या दोन्ही नोटा निळ्या आहेत. घाईत एकीच्या जागी दुसरी गेली तर पंचवीसपट पैसे जातात. 500,000 च्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा आणि रस्त्यावरच्या खरेदीला तो कप्पा उघडूच नका. दुकानांत जागोजागी क्यूआर कोड दिसतील, पण यूपीआयच्या भरवशावर राहू नका. 10,000, 20,000 आणि 50,000 च्या सुट्या नोटा जवळ हव्यातच.

कपड्यांचं म्हणाल तर खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. समाधी आणि मंदिरं दोन्हीकडे हा नियम आहे. बूट जुने, पायाला सरावलेले घाला. डिसेंबर ते फेब्रुवारीत हवा चांगलीच गार असते, जॅकेट लागतं. मे ते ऑगस्टमध्ये उकाडा आपल्या कोकणासारखा आणि पाऊस कधीही. हिवाळ्यात धूरकट हवेचे दिवस खूप असतात. दमा असेल तर मास्क आणि नेहमीची औषधं बरोबर ठेवा.

तपासून घ्या: पासपोर्टची झेरॉक्स, हॉटेलचं कार्ड, पॉवर बँक, पाण्याची बाटली (नळाचं पाणी पिऊ नका), सुट्या नोटा. आणि पाण्यावरच्या बाहुल्यांचा खेळ बघायचा असेल तर त्याचं तिकीट आदल्या दिवशीच काढलेलं.

2. रस्ता ओलांडायला शिका

हे नीट वाचा. पुण्या-मुंबईच्या रहदारीत वाढलेल्यांना हा भाग सोडून पुढे जावंसं वाटतं आणि नेमकी तिथेच चूक होते. आपली सवय अशी: थांबायचं, फट दिसली की पळायचं, मध्येच अडकलो तर एक पाऊल मागे घ्यायचं. हनोईत हे तिन्ही धोक्याचं आहे. तिथले दुचाकीस्वार तुमच्या चालीचा अंदाज घेऊन तुमच्या पुढून किंवा मागून जातात. चाल अचानक बदलली की त्यांचा अंदाज चुकतो.

दुसरी अडचण डोळ्यांची. व्हिएतनाममध्ये वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. म्हणजे फूटपाथवरून खाली उतरताना पहिली गाडी तुमच्या डावीकडून येणार. आपली मान मात्र आपोआप उजवीकडे वळते. पहिला अर्धा दिवस दर वेळी मनाशी म्हणायचं: आधी डावीकडे, मग उजवीकडे. जुन्या शहरात बरेच रस्ते एकदिशा आहेत, तरी उलट्या बाजूने दुचाकी येतातच, म्हणून दोन्हीकडे बघावंच लागतं. विजेवरच्या स्कूटरींचा आवाजही येत नाही. कानावर विसंबून चालणार नाही.

ओलांडायची रीत अशी:

अ. सिग्नल असेल तिथूनच ओलांडा. 2025 च्या सुरुवातीपासून सिग्नल तोडण्याचा दंड खूप वाढवला आहे, त्यामुळे मोठ्या चौकांत वाहनं पूर्वीपेक्षा चांगली थांबतात. तरीही तुमचा दिवा हिरवा असताना वळणाऱ्या दुचाकी मधून जाऊ शकतात.

आ. सिग्नल नसेल तर आधी बस, ट्रक आणि मोटारी जाऊ द्या. दुचाकी तुम्हाला वळसा घालतात, बस घालत नाही. हे एक वाक्य लक्षात राहिलं तरी पुष्कळ.

इ. समोर फक्त दुचाकी उरल्या की पाऊल टाका. सावकाश आणि एकसारखं चाला. पळू नका, थबकू नका, मागे तर अजिबात फिरू नका. येणाऱ्या बाजूचा हात कमरेच्या जरा वर, तळवा बाहेर. नजर चालकांकडे आणि फोन खिशात.

ई. चौघं-पाचजण असाल तर एकामागोमाग एक जाऊ नका. शेजारी-शेजारी, जवळजवळ राहून एकदम ओलांडा. मुलाला मधोमध घ्या, दोन्ही बाजूंना मोठी माणसं. 'तुम्ही व्हा पुढे, मी येते' असं म्हणून मागे राहिलेलं माणूस मग अर्ध्या रस्त्यात एकटं धावतं.

फूटपाथचा भरवसा धरू नका. जागोजागी उभ्या केलेल्या दुचाकी, शेगड्या आणि प्लास्टिकची बुटकी स्टुलं असतात. रस्त्यावर उतरावं लागलं तर एका रांगेत, कडेकडेने आणि येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून चाला.

सावधान: पहिला सराव भर संध्याकाळी नको. पहाटे तळ्याकाठी जाताना रहदारी विरळ असते, तेव्हा एखाद्या स्थानिक आजोबांच्या बाजूने दोनदा रस्ता ओलांडा. चालीचा वेग तिथेच कळतो.

3. सकाळी 6: होआन किएम तळं

तळ्याची फेरी पावणेदोन किलोमीटरच्या आसपास आहे. पहाटे इथे शहर भेटतं. हातवारे करत संथ व्यायाम करणारे म्हातारे, पंखे घेऊन नाचणाऱ्या बायका, बॅडमिंटन. कासवाच्या मनोऱ्याचे आणि लाल पुलाचे फोटो याच वेळी काढा, नंतर पुलावर गर्दी होते. पुलापलीकडचं न्गोक सोन मंदिर इतक्या लवकर उघडत नाही, ते दुपारनंतरसाठी ठेवायचं.

नाश्ता इथेच आटोपा. मांसाहारींना 'फो'ची, म्हणजे रश्श्यातल्या तांदळाच्या शेवयांची वाटी पुरते, मात्र ती गोमांसाची आहे की कोंबडीची हे विचारा: 'बो' म्हणजे गोमांस, 'गा' म्हणजे कोंबडी, 'लन' म्हणजे डुक्कर. शाकाहारींनी एक पक्कं ध्यानात ठेवावं: फोमधून मांस काढलं तरी रस्सा हाडांचाच असतो. अंड्याचा 'बान्ह मी' (सारण भरलेला पाव) घेतला तरी पावात यकृताचं वाटण लावून देतात, ते आधी नको म्हणावं लागतं. चिकट भाताचा 'सोय' हा पदार्थ चांगला, पण वरून चरबीत परतलेला कांदा ओततात. तोही आधीच नको म्हणा. शुद्ध शाकाहारी असाल तर सकाळपुरता खाकरा, दशम्या, केळी बरोबर असू द्या. पहिल्याच तासात खाण्याची शोधाशोध सुरू झाली की पुढचं वेळापत्रक कोलमडतं.

4. सकाळी साडेसातच्या आत: बा दिन्ह आणि समाधी

तळ्यापासून समाधी दोन-सव्वादोन किलोमीटर आहे. इथे ग्रॅब करा असं मी सांगेन. पाय दुपारसाठी राखा.

इथे दोन चुका होतात. पहिली, लोक समोरच्या भव्य बा दिन्ह चौकात उतरतात आणि दार शोधत राहतात. दर्शनाची रांग चौकातून सुरू होत नाही. प्रवेश बाजूने, न्गोक हा रस्त्याकडून आहे. टॅक्सीत बसतानाच तिकडची खूण लावा. दुसरी, पाठीवर मोठी सॅक. पिशव्या तपासतात, मोठ्या पिशव्या आणि कॅमेरे जमा करावे लागतात आणि परत घ्यायला वेगळी रांग. छोटी पर्स पुरे.

आत फोटो नाही, बोलणं नाही, टोपी नाही, खिशात हात नाहीत, थांबणंही नाही. हो चि मिन्ह यांचा जतन केलेला देह ठेवलेल्या काचेच्या पेटीभोवतीची फेरी काही मिनिटांतच संपते. व्हिएतनामी माणसांसाठी ही अतिशय आदराची जागा आहे. 2 सप्टेंबर 1945 ला हो चि मिन्ह यांनी याच चौकात स्वातंत्र्याची घोषणा वाचली. दूरदूरच्या गावांहून आलेली म्हातारी माणसं रांगेत तुमच्या मागेपुढे असतील. मुलांना आत जाण्यापूर्वीच समजावून सांगा. पहारेकरी खुणेने लगेच टोकतात.

बाहेर आल्यावर हो चि मिन्ह यांचं खांबांवरचं साधं लाकडी घर आणि जवळचं एकखांबी पॅगोडा बघा. घराच्या आवाराला दुपारी जेवणाची सुट्टी असते, म्हणून आधी घर आणि मग पॅगोडा. पॅगोडाची मूळ बांधणी 1049 ची. आज दिसतं ते 1954 मध्ये उद्ध्वस्त झाल्यावर पुन्हा उभारलेलं आहे आणि आकाराने अगदी लहान आहे. त्याला दहा मिनिटं पुरतात.

तपासून घ्या: साडेदहा वाजलेत का? वाजले असतील तर बाजूचं संग्रहालय सोडा आणि पुढे निघा.

5. सकाळी साडेदहा: वान मिएउ, साहित्य मंदिर

आता चालायचं. सव्वा किलोमीटरभर अंतर आहे आणि रस्त्यांना चांगली सावली आहे. दक्षिणेकडे येत तुम्ही न्गुएन थाय होक रस्त्याला लागता आणि साहित्य मंदिराची भिंत दिसते. भिंत दिसली म्हणून तिथे दार शोधू नका. ही मागची बाजू आहे. प्रवेश दक्षिणेला, क्वोक तू झाम रस्त्यावर आहे. कुठल्याही एका कडेच्या रस्त्याने पूर्ण वळसा घालावा लागतो. नकाशावर खूण करताना दक्षिणेच्या दारावरच करा.

मंदिर 1070 मध्ये स्थापन झालं आणि 1076 पासून इथे राजघराण्याचं विद्यालय होतं. एकामागोमाग एक अशी पाच अंगणं आहेत. बरेच जण पहिल्या दोन बागांत फोटो काढण्यात वेळ घालवतात आणि तिसऱ्यात दमलेले पोहोचतात. उलट करा. पहिली दोन सरळ पार करून तिसऱ्यात या. इथे दगडी कासवांच्या पाठीवर 82 शिलालेख आहेत. 1442 ते 1779 या काळातल्या परीक्षांत उत्तीर्ण झालेल्यांची नावं त्यांवर कोरली आहेत. पूर्वी विद्यार्थी परीक्षेआधी कासवांच्या डोक्यावरून हात फिरवायचे. त्याने दगड झिजला, म्हणून आता कठडे आहेत. कठड्यातून हात घालू नका.

दुसऱ्या आणि तिसऱ्या अंगणाच्या मध्ये लाल रंगाचा उंच मंडप आहे, तो नीट बघा आणि खिशातली 100,000 ची नोट काढा. मागच्या बाजूला हेच मंदिर आहे. मुलांना हा शोध लावू द्या.

6. दुपारी 12 ते 3: जेवण आणि छप्पर

दुपारी उन्हात चालत राहणं ही चूक उन्हाळ्यात अंगलट येते. हे तीन तास आतच घालवा.

जेवणासाठी शाकाहारींनी 'चाय' असं लिहिलेली खानावळ नकाशावर शोधावी. तो बौद्ध शाकाहार आहे. 'तोइ आन चाय' म्हणजे मी शाकाहारी आहे. उच्चार चुकला तर कुणाला कळत नाही, म्हणून फोनवर व्हिएतनामीत भाषांतर करून ठेवा: मांस नको, मासे नकोत, माशांचा सॉस नको, हाडांचा रस्सा नको. माशांचा सॉस, म्हणजे न्युओक माम, साध्या भाजीतही पडतो. साध्या हॉटेलात बसलात तर टोमॅटोतलं टोफू, परतलेली नाळीची भाजी आणि पांढरा भात हा भरवशाचा बेत आहे, वरचं सगळं सांगून मागवलात तर. चाय खानावळीत ताटात मांसासारखं काही दिसलं तर घाबरू नका. सोया किंवा गव्हाच्या ग्लुटेनपासून ते बनवतात आणि नावंही मांसाच्या पदार्थांचीच देतात. जैन मंडळींनी मात्र कंदमुळांचं वेगळं विचारावं.

जेवणानंतर दोन पर्याय. साहित्य मंदिराच्या मागेच ललित कला संग्रहालय आहे. शांत, आणि लाखेच्या रंगातली चित्रं बघण्यासारखी. किंवा दीडेक किलोमीटरवरचा होआ लो तुरुंग. फ्रेंचांनी तो 1896 मध्ये व्हिएतनामी राजकीय कैद्यांसाठी बांधायला घेतला. पुढे व्हिएतनाम युद्धात पकडलेले अमेरिकी वैमानिक इथे ठेवले गेले. मी होआ लो निवडेन आणि दीड तास देईन. अंदमानचं सेल्युलर जेल पाहिलेल्या मराठी माणसाला इथे फार काही समजावून सांगावं लागत नाही. गिलोटिन आणि पायात बेड्या घातलेल्या कैद्यांचे पुतळे अंधाऱ्या कोठड्यांत आहेत. आठ-नऊ वर्षांखालची मुलं घाबरू शकतात. त्यांना घेऊन एकाने संग्रहालयात जावं.

सावधान: होआ लोकडे जाताना रेल्वे स्टेशनजवळचा ले ज्वान रस्ता ओलांडावा लागतो. रस्ता रुंद आहे आणि बस पुष्कळ. सिग्नलवरूनच जा, नाहीतर हा टप्पा टॅक्सीने करा.

रुळांना चिकटलेल्या घरांची प्रसिद्ध रेल्वे गल्ली या बाजूलाच आहे. अपघाताच्या भीतीने प्रशासन ती वरचेवर बंद करतं, अडथळे लावतं. एका दिवसाच्या फेरीत तिच्यामागे लागू नये.

7. दुपारी साडेतीन ते संध्याकाळी सहा: चर्च, मंदिर आणि जुनं शहर

होआ लोपासून 1886 चं सेंट जोसेफ कॅथेड्रल दहा-पंधरा मिनिटांवर आहे. समोर स्टुलांवर बसून लिंबाचा चहा प्या. पाय मोकळे करायला ही जागा उत्तम. तिथून तळ्यावर येऊन न्गोक सोन मंदिर बघून घ्या आणि मगच उत्तरेकडे वळा.

जुन्या शहरात हरवायला होतं, कारण दर दोनशे-तीनशे मीटरवर रस्त्याचं नाव बदलतं आणि बहुतेक नावं 'हांग'ने सुरू होतात. हांग बाक, हांग बे, हांग बो, हांग बोंग, हांग बुओम. ऐकून काही वेगळं कळत नाही. त्यासाठी एक सरळ रेघ पाठ करा: तळ्याच्या उत्तर टोकापासून हांग दाओ, हांग न्गांग, हांग दुओंग आणि शेवटी दोंग सुआन बाजार. नावं चार, रस्ता एकच. हा तुमचा कणा. याच्या डावी-उजवीकडे हवं तितकं आत शिरा आणि वाट चुकली की पुन्हा या रेघेवर या. कुणाला पत्ता विचारायचा तर फोनवर लिहिलेला दाखवा.

उजवीकडे हांग बाकवर चांदीची दुकानं आणि मा मेवर 87 क्रमांकाचं जुनं घर: दर्शनी भाग अरुंद, आत अंगणामागून अंगण. ते आधी बघा, कारण ते लवकर बंद होतं. हांग बुओमवर 76 क्रमांकाचं बाक मा मंदिर. डावीकडे लान ओंगवर सुकवलेल्या मुळ्या आणि साली विकणारी औषधांची दुकानं, वास आपल्या काष्ठौषधींच्या दुकानाचा. हांग मावर पितरांसाठी जाळायच्या कागदी वस्तू. सगळंच बघायचा अट्टहास नको, चार गल्ल्या निवांत बघा.

इथल्या तीन फसवणुकी ठरलेल्या आहेत. टोपल्यांची कावड खांद्यावर ठेवून फोटो काढू देणारी बाई नंतर फळं घ्यायला लावते. कुणी तुमच्या बुटाकडे बोट दाखवून न विचारता गोंद लावू लागतो आणि मग पैसे मागतो. सायक्लोवाला, म्हणजे तिथला सायकलरिक्षावाला, आधी आकडा सांगतो आणि उतरताना म्हणतो, तो माणशी होता. पहिल्या दोघांना हात हलवून नाही म्हणा आणि चालत राहा. तिसऱ्याकडून एकूण रक्कम आणि वेळ कागदावर लिहून घ्या, मगच बसा.

8. संध्याकाळ आणि परत

पाण्यावरच्या बाहुल्यांचं थांग लाँग नाट्यगृह तळ्याच्या ईशान्य कोपऱ्यात आहे. खेळ साधारण पन्नास मिनिटांचा. भाषा समजली नाही तरी अडत नाही. पंधरा मिनिटं आधी पोहोचा.

शुक्रवार संध्याकाळपासून रविवार रात्रीपर्यंत तळ्याभोवती वाहनबंदी असते आणि हांग दाओच्या रेघेवर रात्रबाजार भरतो. त्या रात्री तळ्याकाठी उभं राहून ग्रॅब बोलावलं तर गाडी येऊच शकत नाही. चालक रद्द करत राहतो आणि तुम्ही ताटकळता. आधी बंद भागाच्या बाहेर चालत या, एखाद्या मोठ्या हॉटेलसमोर उभे राहा आणि मग गाडी मागवा. गाडीचा नंबर ॲपशी जुळवूनच बसा, 'ग्रॅब, ग्रॅब' म्हणत जवळ येणाऱ्याच्या दुचाकीवर नाही.

वेळ किंवा पाय कमी पडले तर

पाऊस लागला तर चर्च आणि न्गोक सोन सोडा, होआ लो आणि ललित कला संग्रहालय दोन्ही करा. गुडघे दुखत असतील तर तिसरा, पाचवा आणि सातवा टप्पा ठेवा आणि मधली अंतरं टॅक्सीने जा. शहरातल्या शहरात ग्रॅब स्वस्त पडतं. सोमवार किंवा शुक्रवार आला असेल तर समाधीच्या जागी थांग लाँगचा राजकिल्ला घ्या. 2010 पासून तो जागतिक वारसा यादीत आहे आणि बा दिन्हपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. त्याच्या मोकळ्या अंगणांत सावली कमी आहे, म्हणून तोही सकाळीच.